वाजवून न पाहिलेली बांगडी

साहेब, बांगडी वाजवून पाहायची नाही, हा हुकूम तुम्ही काढलात. तुम्हीच. उगाच दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर खापर फोडू नका. भेगाळलेली बांगडी बद्द वाजते, दुकानभर माना वळतात, गिऱ्हाइकं कुजबुजतात. ते तुम्हाला नको होतं. म्हणून वरच्या काचेच्या खोलीत बसून तुम्ही हुकूम सोडलात आणि खाली भेगांवर मेण थापलं जाऊ लागलं. त्या मेणाखाली मी होते. भीतीनं माणसाचं पाणी पाणी होतं म्हणतात. दगडाला तेवढीही सोय नाही.

मित्रांनो, दचकू नका. हा आवाज तुमच्यावर चढवलेला नाही. मी एक जुनी बांगडी आहे. जेड नावाच्या हिरव्या दगडातून कोरून काढलेली, जोड नसलेली, बोटाएवढी जाड. माझी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, कारण मोठ्यांना सांगायचा प्रयत्न करून झाला.

माझा जन्म करवतीखाली झाला. नदीकाठच्या एका मळकट धोंड्याच्या पोटात मी होते. बाहेरून तो इतका कळकट, की त्याच्यावर कुणी धुणंही आपटलं नसतं. दगड कापताना करवतीवर पाण्याची धार सतत सोडावी लागते, नाहीतर दगड तापतो आणि तडकतो. तेव्हा उष्णतेची भीती मी जन्मातच बरोबर घेऊन आले, असं समजा. माझ्या शेजारच्या चकतीतून माझी जुळी बहीण निघाली. आम्हाला घासलं, कातड्यावर चोळलं, आणि शेवटी कारागिरानं आम्हाला एकेक करून दोऱ्याला टांगलं आणि नाण्यानं टिचकी मारली. धड बांगडी घंटेसारखी वाजते आणि तिचा नाद लवकर विरत नाही. भेगाळलेली नुसती थप् करते. दगडाला खोटं वाजता येत नाही.

साहेब, तुमचे वडील दुकानात खाली बसायचे. प्रत्येक बांगडी ते गिऱ्हाइकासमोर वाजवायचे आणि वाजवताना डोळे मिटून घ्यायचे. एका कडक बाईंनी आम्हा दोघींना त्यांच्याकडूनच नेलं, दोन सुनांसाठी. थोरल्या सुनेला मी मिळाले, कारण मी जास्त हिरवी. धाकटीच्या वाट्याला माझी बहीण आली. तिच्या अंगात एक पांढरा ढग आहे. सासूबाई पुढं गेल्या, पण ही वाटणी मागं राहिली.

दोघी जावा मिळून पाळणाघर चालवतात. घराची पुढची खोली, भिंतीला लागून पाळणे, खाली जाड सतरंज्या, कोपऱ्यात दुधाच्या बाटल्या उकळायचं मोठं पातेलं आणि खिडकीखाली लंगोट बदलायचं टेबल. माझे चांगले दिवस त्या खोलीत गेले. थोरली पाळणा हलवायची तेव्हा मी लाकडी कठड्यावर वाजायचे, पलीकडून माझी बहीण वाजायची. दोन आवाज एकात एक मिसळले की रडकी पोरंसुद्धा पेंगायची. मुलांना घ्यायला आलेल्या आया म्हणायच्या, "आमच्या घरी का नाही झोपत हो हा?" धाकटी म्हणायची, "तुमच्याकडे आमच्या बांगड्या कुठं आहेत?" मी तेव्हा फुलून जायचे. कौतुकानं फुलतो म्हणून दगड फुटत नाही, एवढं बरं.

मी कधीच उतरत नसे. लग्नातला बारीक हात होता तेव्हा मी चढले. मग हात भरला आणि मी तिथंच राहिले. थोरली मऊ ओल्या फडक्यानं मला पुसायची, भांडी घासताना कोपरापर्यंत सरकवायची. निष्काळजी नव्हती ती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणीतरी तिलाच बोल लावेल. बाईला बोल लावणं सगळ्यांत सोपं असतं.

ढब्बू नावाचं एक बाळ होतं. खरं नाव वेगळं, पण गाल बघून धाकटीनं त्याला ढब्बू केलं होतं. एका सकाळी लंगोट बदलताना त्यानं अंग उलटं टाकलं आणि तो टेबलाच्या कडेवरून गेला. थोरलीनं हात फेकला. ढब्बू तिच्या तळव्यात आला आणि मी खिडकीच्या दगडी कट्ट्यावर आपटले.

ढब्बू हसला. त्याला तो झोपाळा वाटला.

माझ्या आत काहीतरी सुटलं. वेदना नाही, त्यापेक्षा वाईट. घरात एकटं असताना मागचं दार उघडं असल्याचं अचानक लक्षात यावं, तसं.

थोरलीलाही चैन पडेना. त्याच दिवशी ती मला घेऊन तुमच्या दुकानात आली, साहेब. दुकान आता उजळलेलं. भिंतभर दिवे, काचेचे लांब कट्टे, एका कट्ट्यावर पाटी : दागिना तपासणी. मागं एक पिकलेल्या मिशांचा माणूस, हातात पांढरे मोजे. थोरलीनं हात कट्ट्यावर ठेवला.

"काका, जोरात आपटलीय. भेग तर नाही ना? माझ्याकडे लहान मुलं असतात, दिवसभर कडेवर. नीट बघा हं."

ऐकलंत ना, मित्रांनो? तिनं सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं.

मोजेवाल्यानं भिंग लावलं. मला वाटलं, संपलं, आता कळणार. त्यानं खिशातून नाणं काढलं. जुना माणूस, जुनी सवय. नाणं माझ्यापासून वीतभर अंतरावर आलं आणि त्याची नजर वर गेली, काचेच्या खोलीकडे. नाणं खिशात परत गेलं.

"ओरखडा आहे, बाई. चकचकीत करून देतो."

"उतरवावी लागेल?"

"छे हो. राहू द्या हातातच."

त्यानं कोमट केलेलं मेण माझ्या भेगेत दाबलं आणि फिरतं फडकं लावलं. मी आरशासारखी चमकायला लागले. थोरलीनं त्याला हात जोडले. मी किंचाळत होते. पण बांगडीला स्वतःहून वाजता येत नाही, कुणीतरी वाजवावं लागतं.

तिथून पुढं माझ्या आयुष्यात भीतीशिवाय काही उरलं नाही.

भेग म्हणजे काय, ते सांगते. ती एका जागी बसून राहत नाही. पातेल्यातून वाफाळती बाटली काढायला हात जायचा आणि लगेच गार नळाखाली. गरम, गार. गरम, गार. रोज. मेण पहिल्याच आठवड्यात वितळून गेलं. त्या जागी दुधाचा साका, साबण, पावडर भरत गेली. भेग केसभर होती, ती केसभरच दिसत राहिली, पण आत आत सरकत होती. थोरली भांडं उचले, मी मनात म्हणे, आता. पाळणा ढकले, आता. सतरंजी झटके, आता. मला माझ्या फुटण्याची भीती कमी होती. धोंड्यातून आले, तुकडे होऊन जाईन. पण जेड फुटतं तेव्हा त्याची कड काचेसारखी निघते. आणि माझ्याजवळ, अगदी टेकून, दिवसभर कुणाचा ना कुणाचा तरी गाल असायचा.

त्यात ढब्बूला दात यायला लागले.

दात येणाऱ्या पोराला गार आणि गुळगुळीत वस्तू मिळाली की ते सोडत नाही. थोरली त्याला कडेवर घेई आणि तो दोन्ही हातांनी माझं मनगट, म्हणजे तिचं मनगट, धरून मला तोंडात घाली. त्याच्या हिरड्या माझ्यावरून फिरत. फिरता फिरता भेगेपाशी येऊन थांबत, कारण तिथं थोडं खरखरीत लागायचं आणि त्याच्या शिवशिवणाऱ्या हिरड्यांना तेच हवं असायचं. तो तिथंच चावायचा. मी अंग आवळून धरायचे. त्याची लाळ भेगेत उतरायची आणि तो माझ्याकडे बघून खुदकन हसायचा. एवढं प्रेमानं मला कुणी कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्याला ओरडून सांगायचं होतं, सोड मला, बाळा, थुंकून टाक.

पहिल्यांदा ऐकलं ते धाकटीनं. दोघी पातेल्याशी उभ्या होत्या. तिची बांगडी काठावर लागली, टण्ण. मी लागले, थप्.

"ताई, तुमची बांगडी बद्द वाजतेय."

"तुझे कान बद्द झालेत."

"खरंच सांगते. परत वाजवा."

"बाटल्या धू आधी. इतकी वर्षं झाली, हिरवीचं दुखणं अजून पोटातच आहे का तुझ्या?"

"माझ्या पोटात काही नाही. बांगडीच्या पोटात काय आहे ते बघा म्हणतेय."

"मोठ्या दुकानातून तपासून आणलीय. त्यांना जास्त कळतं की तुला?"

"वाजवली होती त्यांनी?"

थोरलीनं मनगट फिरवून दाखवलं. "आरशासारखी करून दिली."

"आरशात तोंड बघतात, ताई. आरसा वाजवून कोण बघतं?"

"आणि तोंड कुणाचं वाकडं झालं ते दिसतंय मला!"

झालं. धाकटीनं बाटल्या आदळल्या आणि तोंडाला कुलूप लावलं. दोघी एकाच खोलीत, पण बोलणं पोरांमार्फत. "ढब्बू, तुझ्या मोठ्या मावशीला सांग, दूध उतू चाललंय." "ढब्बू, तुझ्या छोट्या मावशीला सांग, मला डोळे आहेत." ढब्बू दोघींना टाळ्या वाजवून दाखवायचा. मी मात्र थिजून गेले होते. माझी एकुलती एक साक्षीदार रुसून बसली होती.

मग ती दुपार आली. बाकीची पोरं झोपली होती. थोरली खिडकीत उभी राहून ढब्बूला थोपटत होती आणि तो नेहमीप्रमाणे मला चावत होता. धाकटी पांघरुणांच्या घड्या घालत होती. ऊन सरळ माझ्यावर पडलं होतं. धाकटीचे हात थांबले.

"ताई, बांगडीला दोरा लटकलाय."

"दुपट्याचा असेल. ओढून टाक."

रुसवा विसरून ती जवळ आली. तिनं दोरा ओढला. दोरा येईना. गुळगुळीत बांगडीला दोरा अडकत नाही, मित्रांनो. तो अडकतो तेव्हा दगडाला तोंड फुटलेलं असतं. तिनं जरा जोर लावला आणि त्याच वेळी ढब्बूनं जबडा आवळला. माझी भेग किंचित उघडली आणि मिटली. मिटताना तिच्यात त्याचा ओठ होता.

त्या किंकाळीनं सगळी खोली जागी झाली. पाळण्यापाळण्यातून रडणं उठलं. ढब्बूच्या हनुवटीवर रक्ताचा एक थेंब, मग दुसरा.

"दात आला असेल," थोरली म्हणाली, पण तिचा आवाज तिचाच राहिला नव्हता. धाकटीनं ढब्बूला घेतलं, ओठ उलटून बघितला. छोटा चिमटा, खोल नाही. तिनं स्वच्छ ओलं फडकं दाबून धरलं. थोरलीनं आपला हात उन्हात वर केला. पहिल्यांदाच तिनं मला चमक सोडून बघितलं. मग बोटाच्या नखानं टिचकी मारली.

थप्.

"काढ," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढ."

"हात किती भरलाय बघा. फुटेल."

"फुटू दे. माझ्या हातावर हे नको."

ढब्बूच्या ओठातलं रक्त थांबल्यावर धाकटीनं त्याला पाळण्यात ठेवलं आणि कामाला लागली. आधी तिनं माझ्याभोवती कापडी चिकटपट्टी गुंडाळली, फेऱ्यावर फेरे. "फुटली तरी तुकडे पट्टीत राहतील, तुमच्या मनगटात नाही." मग पातळ प्लास्टिकची पिशवी थोरलीच्या हातावर चढवून माझ्या आतून ओढून घेतली आणि वर भांड्यांचा साबण ओतला.

"अंगठा तळव्यात दाबा. मूठ नको. श्वास सोडा."

"सोडलाय."

"कुठं सोडलाय? मांजरासारखा धरून बसलाय."

मी सरकले. इतक्या वर्षांनी. पट्टीच्या अंधारात मला काही दिसत नव्हतं, फक्त हाडं कळत होती. अंगठ्याच्या मुळाशी मी अडकले. थोरली दात खाऊन कण्हत होती. मी एवढंच म्हणत होते : इथं नको. जरा पुढं. कातडीवर नको, आणखी थोडं.

कट्.

मी दोन झाले. नंतर कळलं, तीन. पण पट्टी टिकली. धाकटीनं कात्रीनं ती सोडवली तेव्हा थोरलीच्या हातावर साधा ओरखडा नव्हता. खरा ओरखडा म्हणतेय, साहेब, तुमच्या दुकानातला नव्हे.

थोरली आधी पाळण्याशी गेली. ढब्बू सुजलेल्या ओठानंही हसला, तेव्हा ती सतरंजीवर बसली.

"तू सांगितलं होतंस," ती म्हणाली.

"टोमण्यात सांगितलं. टोमण्यातलं कोण ऐकतं?" धाकटी तिच्याशेजारी बसली. माझे तुकडे तिनं वेगवेगळ्या फडक्यांत बांधले, एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

ढब्बूची आई आली तेव्हा थोरलीनं तिला काही लपवलं नाही. ती माऊली खूप रागावली. रागावायलाच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिनं ढब्बूला परत आणलं, आणि आत पाऊल टाकण्याआधी थोरलीचे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले.

दुरुस्तीवाल्याचं नाव घरात चिमटा, कारण तो चिमटा हातात घेऊनच बोलतो. माझे तुकडे बघून म्हणाला, "ही बांगडी आहे की कोडं?" त्यानं मला कोमट पाण्यात ठेवून उरलंसुरलं मेण आणि मळ काढला. पूर्ण वाळू दिलं. घाई केली तर ओल आत राहते आणि डिंक धरत नाही. मग सांध्यांसाठी चांदीच्या छोट्या खोळी केल्या. तिथं तो फुंकणीचा जाळ पेटवायला लागला आणि मी पुन्हा गारठले. पण आग त्यानं पार पलीकडच्या मेजावर नेली. "दगडाजवळ जाळ आणला तर कोडं आणखी अवघड होईल." पहिली खोळ घट्ट झाली. तो स्वतःलाच शिव्या घालत बसला, खोळ वितळवून पुन्हा केली. मग थंड डिंक, मग खोळी, मग कितीतरी वेळ नुसतं पडून राहायचं, कुणी हात लावायचा नाही.

आता मी दिसायला बरी आहे. तीन ठिकाणी चांदी. आवाज मात्र गेला. कायमचा. पाळणाघरात मी जात नाही. घरी परतल्यावर, कडेवर कुणी नसताना, थोरली कधीमधी मला घालते. त्यासाठी चिमट्यानं एका खोळीला बिजागरी आणि दुसरीला कडी लावली आहे, हात दाबावा लागत नाही. धाकटी म्हणते, "आता तुमची हिरवी आणि रुपेरी, दोन्ही. माझी मेली अजून नुसतीच पांढुरकी." आणि ती आपली बांगडी वाजवते. मी ऐकते. माझी बहीण दोघींच्या वाटणीचं वाजते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला उकळत्या पाण्यातून गार पाण्यात नेऊ नका. चमक बघून फसू नका. आपटली की वाजवा आणि डोळे मिटून ऐका. मऊ सुती फडकं फिरवा. दोरा अडकला तर लगेच उतरवा, बाळाला लांब ठेवा, कुणी काही म्हणो. आणि कुणी टोमण्यात खरं बोलत असेल, तर टोमणा सोडा, खरं तेवढं घ्या.

एवढं सांगून मी थांबले असते. पण आज दोघी जावा मला घेऊन तुमच्या दुकानात आल्या, साहेब. कट्ट्यामागं तोच मोजेवाला.

"काका, ओळखलंत?" थोरलीनं मला काचेवर ठेवलं.

त्यानं चांदीच्या खोळी बोटानं चाचपून पाहिल्या. "मुलं..." एवढंच तो म्हणाला.

"मूल बरं आहे. साहेबांना खाली बोलवा."

"साहेब कामात आहेत."

"मग आम्हीच बोलावतो," धाकटी म्हणाली. तिनं नाणं काढून स्वतःची बांगडी वाजवली. टण्ण. साहेब, तुमच्या दुकानात कित्येक वर्षांत तो आवाज झाला नसेल. मग तिनं मला वाजवलं.

थप्.

माना वळल्या. तुम्हाला ज्याची भीती होती, तेच झालं. पलीकडच्या कट्ट्यावर एक बाई उभी होती, पोट भरल्या दिवसांचं. तिच्या मनगटात माझ्याच जातीची हिरवी बांगडी, आरशासारखी चकचकीत. तिनं आपल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीही गेल्या महिन्यात इथूनच चकचकीत करून घेतली," ती म्हणाली. तिनं हात मोजेवाल्यापुढं केला. "वाजवून बघा हो, काका."

त्यानं मोजे काढले. नाणं हातात घेतलं आणि वर पाहिलं. तुम्ही काचेपाशी उभे होतात, साहेब. मी पाहिलं तुम्हाला. तुम्ही पडदा ओढून घेतलात.

ती बाई अजून हात पुढं करून उभी आहे. मी काचेवर पडून तिचं मनगट बघते आहे आणि माझ्या तिन्ही सांध्यांत जुनी भीती परत भरली आहे. खाली या. मेण थापून तुम्ही आणखी कितीजणींना घरी पाठवलंत? त्या बांगड्या या घडीला कुणाकुणाच्या हातात आहेत, आणि त्या हातांवर कुणाचं बाळ आहे?

उत्तर द्या.